नोकरी बदलावी का, आणि बदलायचीच तर कोणत्या तारखेला? (चाकण-पुणे पट्टा)

हिशेबनीस
एप्रिल-मे आला की चाकण, तळेगाव, रांजणगाव, हिंजवडी सगळीकडे हाच विषय निघतो, म्हणून एकदाच नीट धागा काढतोय. एक विनंती. "मन सांगेल तसं करा" किंवा "रिस्क घ्या" असे प्रतिसाद नकोत. आकडे, नियम, तारखा आणि कुठे काय फसतं ते लिहा.

चर्चेला धरायला एक नमुना घेऊ. चाकणच्या वाहनभाग कारखान्यातला क्वालिटी इंजिनिअर. नोकरी ४ वर्षं ५ महिने. नोटीस ६० दिवस. सीटीसी (कंपनीला वर्षाला पडणारा एकूण खर्च) ९,६०,०००. खराडीतल्या एका कंपनीची ऑफर १२,५०,००० ची. कागदावर ३० टक्के वाढ. घ्यावी का?

आधी दोन्ही सीटीसी फोडून बघा.

सध्याची: बेसिक ४०,००० महिना. कंपनीचा पीएफ हिस्सा वर्षाला ५७,६००. ग्रॅच्युइटीपोटी (नोकरी सोडताना सेवेच्या वर्षांवर मिळणारी रक्कम) दाखवलेले २३,०७७. व्हेरिएबल (कामगिरीवर ठरणारा भाग) ६०,०००. विम्याचा हप्ता ९,०००. हे सगळं वजा केलं की उरतात ८,१०,३२३, म्हणजे महिन्याला ६७,५२७. त्यातून स्वतःचा पीएफ ४,८०० आणि व्यवसाय कर २०० गेला की हातात ६२,५२७.

नवी: बेसिक ५२,०००. कंपनीचा पीएफ ७४,८८०. ग्रॅच्युइटी ३०,०००. व्हेरिएबल १,८७,५००. जॉइनिंग बोनस ७५,०००, तोही सीटीसीच्या आतच धरलेला. विमा १५,०००. उरतात ८,६७,६२०, म्हणजे महिन्याला ७२,३०२. पीएफ ६,२४० आणि व्यवसाय कर २०० वजा जाता हातात ६५,८६२.

वाढ महिन्याला ३,३३५ रुपये. पीएफमध्ये दोन्ही हिस्से मिळून महिन्याला २,८८० जास्त जमा होतील. तेही स्वतःचेच पैसे, ते धरायलाच हवेत. पण चाकणच्या कारखान्यात कंपनीची बस आणि सवलतीतलं कँटीन आहे. खराडीत दुपारचं जेवण १२० रुपये धरलं तरी २२ दिवसांचे २,६४० झाले. पेट्रोल अजून बाकीच आहे.

आयकर दोन्हीकडे शून्य. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर सूट आहे आणि पगारदारांना ७५,००० ची प्रमाणित वजावट वेगळी.

म्हणून माझं म्हणणं: "३० टक्के हाईक" हा शब्द विसरा. दोन्ही सीटीसीमधून पीएफ, ग्रॅच्युइटी, विमा, व्हेरिएबल, जॉइनिंग बोनस काढून महिन्याचा आकडा समोरासमोर ठेवा. हे केल्याशिवाय पुढची चर्चा फुकट आहे.

मीनल_तळेगाव
फार उपयोगी मांडणी. एक प्रश्न. ४ वर्षं ५ महिने म्हणजे ग्रॅच्युइटी अगदी तोंडाशी आहे. थांबावं का? आणि ते "४ वर्षं २४० दिवस" म्हणतात, ते खरं का?

कायदेवाला_नाशिक
मीनलताई, हिशेब असा: शेवटचं मासिक बेसिक अधिक महागाई भत्ता × १५ ÷ २६ × वर्षं. नमुन्यात ४०,००० × १५ ÷ २६ × ५ = १,१५,३८५ रुपये. म्हणजे आज निघाला तर एक लाख पंधरा हजारांच्या आसपास रक्कम सोडून जातोय. सीटीसीत दरवर्षी २३,०७७ दाखवले होते, त्यातला एक रुपयाही पाच वर्षांआधी मिळत नाही. मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तरच पाच वर्षांची अट लागत नाही.

२४० दिवसांबद्दल. कायद्यात सलग सेवेच्या व्याख्येत वर्षात २४० दिवस काम म्हणजे एक वर्षाची सेवा, असं आहे. आठवड्याला सहा दिवसांपेक्षा कमी काम चालणाऱ्या आस्थापनांत हाच आकडा १९० दिवसांचा. याच व्याख्येवर मद्रास उच्च न्यायालयाने मेत्तूर बीअर्डसेल प्रकरणात पाचव्या वर्षातले २४० दिवस पुरेसे धरले. पण तो निकाल महाराष्ट्रातल्या प्रत्येक कंपनीचं एचआर निमूटपणे मानेल असं नाही. बऱ्याच कंपन्या पूर्ण पाच वर्षांवरच अडून बसतात आणि मग ग्रॅच्युइटीचे वाद ऐकणाऱ्या सरकारी प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून भांडावं लागतं. हाती वेळ असेल तर पूर्ण पाच वर्षं करा. नसेलच तर एचआरकडून ईमेलवर लेखी घ्या की ४ वर्षं २४० दिवसांवर देणार आहात का.

नोटीस पिरियड सेवेतच धरला जातो. तरी "४ वर्षं १० महिने झाले की पेपर टाकतो, नोटीस संपेपर्यंत पाच होतील" हे गणित धोक्याचं आहे. कंपनी तुम्हाला लवकर मोकळं करू शकते. शेवटचा दिवस दोन आठवडे अलीकडे आला की लाखभर रुपये गेले. राजीनामा पाच वर्षांची तारीख उलटल्यावरच द्या.

आणखी एक, जे फार कमी लोक बघतात: पाच वर्षांनंतर सहा महिन्यांपेक्षा जास्त झालेला तुकडा पूर्ण वर्ष धरतात. ५ वर्षं ७ महिन्यांना सहा वर्षांची ग्रॅच्युइटी मिळते, ५ वर्षं ५ महिन्यांना पाचचीच.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्यात. त्यानुसार ठरावीक मुदतीच्या करारावर असलेल्यांना एका वर्षाच्या सेवेवर प्रमाणात ग्रॅच्युइटी आहे. कायम कर्मचाऱ्याला पाच वर्षांची अट तशीच. शिवाय वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग वेतनात धरायचा आहे. ज्यांचं बेसिक २५-३० टक्क्यांवर दाबून ठेवलंय त्यांच्या ग्रॅच्युइटीत यामुळे फरक पडेल. वरच्या नमुन्यात सध्याचं बेसिक निम्म्याहून कमी नाही, तिथे काही बदलत नाही.

चाकणफाटा
तारखांचं बरोबर आहे. पण मूळ प्रश्न "जावं का" हा आहे आणि त्याचं उत्तर पगाराच्या स्लिपमध्ये मिळत नाही. क्वालिटीवाल्यासाठी तीन गोष्टी तपासा.

पहिली, गेल्या बारा महिन्यांत काय काम केलं. कामाची सरळ दोन खाती करा. एका खात्यात नवीन पार्टचं एपीक्यूपी (दर्जाचं आधीपासूनचं नियोजन), पीपीएपी (पार्टला ग्राहकाची मंजुरी घ्यायचे कागद) सबमिशन, एमएसए (मोजमाप-पद्धतीची तपासणी), कंट्रोल प्लॅन बनवणं, सप्लायर ऑडिट, आठ-डी (तक्रारीचं कारण शोधण्याची आठ पायऱ्यांची पद्धत) मुळापर्यंत नेणं. दुसऱ्या खात्यात ग्राहकाच्या लाइनवर जाऊन सॉर्टिंग (खराब पार्ट निवडून काढणं), रिजेक्शनच्या एक्सेल शीट, संध्याकाळचा रिपोर्ट, ऑडिटच्या आदल्या रात्री मागच्या तारखांची चेकशीट भरणं. बारा महिन्यांत एकही नवीन पार्ट सुरुवातीपासून हाताळला नसेल आणि निम्म्याहून जास्त दिवस दुसऱ्या खात्यात गेले असतील, तर बाजारातली किंमत थांबलेली आहे. पुढच्या मुलाखतीत "सीपीके १.३३ च्या खाली आल्यावर तुम्ही नेमकं काय बदललं?" असं विचारतात (सीपीके म्हणजे प्रक्रिया ठरलेल्या मर्यादेत किती बसते त्याचा आकडा). तिथे सॉर्टिंगचा अनुभव कामाला येत नाही.

मागच्या तारखांची चेकशीट भरायला लावत असतील तर तो विषय वेगळा आणि गंभीर. सही तुमची असते. पार्ट ब्रेकचा किंवा स्टिअरिंगचा असेल तर कुणाच्या तरी जिवाशी गाठ आहे. असल्या ठिकाणी ग्रॅच्युइटीसाठीसुद्धा थांबू नका असं मला वाटतं.

दुसरी, कारखाना काय बनवतो. पिस्टन, इंजेक्टर, सायलेन्सर, क्लच, अनेक गिअरांच्या गिअरबॉक्सचे भाग पूर्ण बॅटरीवरच्या गाडीत लागत नाहीत. ब्रेक, सस्पेन्शन, सीट, वायरिंग, काचा, दिवे लागतात. इंजिनभाग बनवणाऱ्यांचं काम उद्या बंद होणार नाही. हायब्रिड आहेत, सीएनजी आहे, ट्रक-ट्रॅक्टर आहेत. पण नवीन गुंतवणूक कुठे जाते ते बघा. तुमच्या प्लांटला मागच्या दोन वर्षांत नवीन लाइन आली का? नवीन प्रोग्रामची चौकशी येते का? जुन्याच पार्टचे दर कमी करून मागतायत का?

तिसरी, कंपनीची तब्येत. शॉपफ्लोअरवर ती सगळ्यात आधी दिसते. तीन पाळ्यांच्या दोन झाल्या. ग्राहकाचं महिन्याचं शेड्यूल सतत खाली येतंय. गेजच्या कॅलिब्रेशनची तारीख उलटली तरी पीओ (खरेदीचा आदेश) निघत नाही. मेंटेनन्सला स्पेअर मिळत नाही, म्हणून एका मशीनचं काढून दुसऱ्याला लावतात. सोडून गेलेल्याच्या जागी माणूस घेत नाहीत. यातल्या दोन-तीन गोष्टी सहा महिने एकत्र दिसल्या तर ऑफर नसली तरी शोध सुरू करा.

पासबुकवाला
चाकणफाटा, +१. त्यात अजून एक भर. पीएफचं पासबुक दर महिन्याला बघायची सवय लावा. कंपनीने पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत रक्कम भरायची असते. पगारातून कापलेली रक्कम दोन-तीन महिने पासबुकात येत नसेल, किंवा स्लिपवर टीडीएस दिसतो पण तिमाही उलटून गेली तरी २६एएसमध्ये (आयकर खात्याकडच्या कर-नोंदीत) नाही, तर कंपनीकडे रोकड नाही असं समजा. पगार वेळेवर येत असला तरीही. पगार थांबला तर माणसं गेटवर येतात, म्हणून तो सगळ्यात शेवटी थांबतो.

रानजाई
मला वाटतं इथे एक पायरी सुटतेय. बऱ्याच जणांना नोकरी बदलायची नसते, साहेब बदलायचा असतो. मोठ्या गटाच्या कंपनीत दुसऱ्या प्लांटला किंवा दुसऱ्या विभागात बदली मागता येते. बदली त्याच मालकाकडे झाली तर सेवा सलग राहते, ग्रॅच्युइटीचं घड्याळ शून्यावर येत नाही. आधी अंतर्गत जाहिराती बघा. बहुतेक ठिकाणी सध्याच्या जागेवर १८ किंवा २४ महिने पूर्ण असण्याची अट असते.

बदली मागताना "मला कंटाळा आलाय" म्हणू नका. नेमकं मागा: "पुढच्या प्रोग्रामच्या लाँचमध्ये मला सप्लायर क्वालिटीचं काम हवंय, हातातली तीन ग्राहकांची जबाबदारी अमुक व्यक्तीला सहा आठवड्यांत देतो." उत्तर लेखी आणि तारखेसकट मिळालं तर थांबायला अर्थ आहे. "बघू अप्रेझलला" असं आलं तर तीन महिन्यांनी एकदा आठवण करा. तेव्हाही तेच ऐकू आलं तर उत्तर मिळालं असं धरा.

राजीनामा दिल्यावर येणारी पगारवाढ मात्र फार जपून घ्या. तीन महिन्यांपूर्वी जे मागत होतात तेच आता देत असतील, तर काम, साहेब, पाळ्या यातलं काय बदलणार हे विचारा. फक्त आकडा बदलत असेल तर सोडायचं कारण तिथेच उभं असतं.

घाटमाथ्यावर
हिशेबनीस, तुमच्या गणिताशी थोडा असहमत. हातात ३,३३५ वाढतात म्हणून ऑफर वाईट ठरवणं घाईचं होईल. खराडीतलं काम जर सप्लायर डेव्हलपमेंटचं असेल, परदेशी ग्राहकांबरोबर व्हीडीए ६.३ (जर्मन वाहनउद्योगाची प्रक्रिया-तपासणी) ऑडिट करायला मिळणार असतील, तर दोन-तीन वर्षांनी याच माणसाची बाजारातली जागा वेगळी असेल. चाकणमध्ये सॉर्टिंग करत राहिला तर बस आणि कँटीन वाचलं, बाकी काय? पहिल्या वर्षाचा पगार आणि तिसऱ्या वर्षाचं काम या दोन गोष्टी वेगळ्या मोजा.

हिशेबनीस
घाटमाथ्यावर, मान्य, आणि म्हणूनच ही ऑफर नाकारू नका, दुरुस्त करून घ्या असं म्हणेन. तीन गोष्टी मागायच्या. एक, जॉइनिंग बोनस सीटीसीच्या बाहेर वेगळा द्या. तो एकदाच मिळतो, दुसऱ्या वर्षी सीटीसीतून ७५,००० गायब होतात. दोन, व्हेरिएबल १,८७,५०० ऐवजी १,२५,००० करा आणि उरलेलं पक्क्या पगारात टाका. तीन, रुजू होण्याची तारीख पाच वर्षं पूर्ण झाल्यावरची धरा.

पहिल्या दोन मागण्या मान्य झाल्या तर पक्का पगार वर्षाला १,३७,५०० ने वाढतो. बेसिक तेच ठेवलं तर महिन्याला ११,४५८ ची भर, हातात ७७,३२०. वाढ ३,३३५ वरून १४,७९३ वर जाते. बारा लाख पन्नास हजाराचा आकडा त्यांच्या बाजूनेही तसाच राहतो, फक्त बोनसचे ७५,००० वर येतात. एचआरला यापेक्षा मोठा आकडा मंजूर करून आणणं अवघड जातं, रचना बदलणं त्या मानाने सोपं असतं.

तारखेचं गणित: ४ वर्षं ५ महिने आज. पाच वर्षांनंतर राजीनामा, मग ६० दिवस नोटीस. म्हणजे साधारण नऊ महिने. इतकं कोणी थांबत नाही. मग सरळ मागायचं: "आत्ता यावं लागलं तर माझी १,१५,३८५ ची ग्रॅच्युइटी बुडते, ती जॉइनिंग बोनसमध्ये भरून द्या." ही मागणी रास्त आहे. आकडा दाखवून मागितली तर एचआर ती ऐकतं. फक्त लक्षात असू द्या, ग्रॅच्युइटी २० लाखांपर्यंत करमुक्त, बोनस पूर्ण करपात्र.

मीनल_तळेगाव
जॉइनिंग बोनस परत मागतात ना वर्षाच्या आत सोडलं तर?

हिशेबनीस
हो. १२ किंवा १८ महिन्यांची अट असते. दोन गोष्टी वाचा: पूर्ण परत मागतात की राहिलेल्या महिन्यांच्या प्रमाणात, आणि कर कापण्याआधीची रक्कम मागतात की हातात आलेली. आधीची मागत असतील तर कर तुमच्या अंगावर पडतो. हे वाक्य ऑफर लेटरमध्ये बदलून मागता येतं.

व्हेरिएबलचंही बघा. जुन्या कंपनीत "पैसे देण्याच्या तारखेला नोकरीत असावा आणि नोटीसवर नसावा" अशी ओळ बहुधा असतेच. वर्ष मार्चला संपलं आणि पैसे जूनच्या पगारात येत असतील, तर मेमध्ये पेपर टाकणारा ६०,००० सोडून जातो.

कलम_आणि_कागद
ऑफरच्या कागदांबद्दल. लेटर ऑफ इंटेंट (नुसता इरादा कळवणारं पत्र) म्हणजे ऑफर लेटर नव्हे. फोनवरचा होकार तर काहीच नव्हे. राजीनाम्याआधी हातात असायला हवं: पदनाम आणि ग्रेड, कामाचं ठिकाण, पगाराचा पूर्ण तक्ता, रुजू होण्याची तारीख, प्रोबेशन किती आणि त्या काळातली नोटीस किती, पडताळणीची अट. कुठलीही खरी कंपनी ऑफरसाठी अनामत, ट्रेनिंग फी, लॅपटॉप डिपॉझिट मागत नाही. मागितलं की विषय संपला.

पडताळणीत आता यूएएनची (पीएफच्या कायम क्रमांकाची) सेवा-नोंद थेट बघतात. तिथे प्रत्येक कंपनीची सुरुवात आणि शेवटची तारीख असते. अनुभवपत्रात मार्चपर्यंत आणि पीएफमध्ये जानेवारीपर्यंत असं निघालं की ऑफर अडकते. दोन नोकऱ्यांच्या तारखा एकमेकींवर चढल्या तर दुहेरी नोकरीचा संशय येतो आणि पीएफ ट्रान्सफरच्या वेळीही खुलासा मागू शकतात. म्हणून शेवटचा दिवस आणि रुजू होण्याचा दिवस यात एक दिवसाचं तरी अंतर ठेवा. पगार फुगवून सांगू नका, तीन महिन्यांच्या स्लिप आणि बँक स्टेटमेंट मागतातच.

नोटीस विकत घ्यायची असेल तर बेसिकवर की पूर्ण पगारावर, ते नियुक्तिपत्रात बघा. नमुन्यात ३० दिवसांचे बेसिकवर ४०,०००, पूर्ण पगारावर ६७,५२७. "कंपनीच्या मान्यतेने" असं लिहिलं असेल तर पैसे भरूनही ते अडवू शकतात, मग अनुभवपत्रासाठी भांडत बसावं लागतं. वसुलीवर कोणी १८ टक्के जीएसटी लावला तर ३ ऑगस्ट २०२२ चं केंद्राचं परिपत्रक दाखवा. नोटीसपोटी घेतलेल्या रकमेवर जीएसटी लागत नाही असं त्यात स्पष्ट आहे.

चाकणफाटा
आणि बाँड? नवीन इंजिनिअर पोरांकडून दोन-तीन वर्षांचा लिहून घेतात.

कायदेवाला_नाशिक
दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नोकरी सोडल्यानंतर "प्रतिस्पर्धी कंपनीत जाणार नाही" हे बंधन भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम २७ मुळे साधारणपणे टिकत नाही. गोपनीय ड्रॉइंग, दरपत्रकं, ग्राहकांचा डेटा नेलात तर मात्र ते वेगळं प्रकरण होतं. काहीही पेनड्राइव्हवर घेऊ नका, स्वतःच्या ईमेलवर पाठवू नका.

किमान मुदतीचा बाँड मात्र सरसकट बेकायदा नाही. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांआधी सोडल्यास दोन लाख रुपयांची अट वैध ठरवली. तिथे भरतीचा खर्च आणि पद दोन्ही बघितलं गेलं. खासगी कंपनीने काहीच प्रशिक्षण न देता पाच लाख लिहून घेतले तर करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे वाजवी भरपाईचा मुद्दा मांडता येतो. कोणतंही न्यायालय तुम्हाला त्याच कंपनीत काम करायला भाग पाडत नाही, प्रश्न पैशांचाच असतो. आणि मूळ प्रमाणपत्रं तारण म्हणून कोणाकडेही ठेवू नका.

सुप्रिया_वाकड
घरातल्या गोष्टींचंही लिहिते, कारण त्या सगळ्यात शेवटी आठवतात.

बाळंतपण. मातृत्व लाभासाठी प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत त्याच मालकाकडे किमान ८० दिवस काम झालेलं असावं लागतं. दिवस गेलेले असताना किंवा तसा विचार असताना नोकरी बदलायची तर हे ८० दिवस आधी मोजा. पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, ती हातची घालवू नका.

आरोग्य विमा. कंपनीचं कव्हर बहुतेक ठिकाणी शेवटच्या दिवशीच संपतं. आईवडील त्यात असतील, त्यांना मधुमेह किंवा रक्तदाब असेल, तर मधल्या दिवसांत ते उघडे पडतात. त्याच विमा कंपनीकडे गटातून वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय असते आणि झालेल्या प्रतीक्षाकाळाचा हिशेब पुढे नेता येतो. हा अर्ज शेवटच्या दिवसाआधी करा. नव्याने पॉलिसी घेतली तर आधीच्या आजारांसाठी कमाल ३६ महिने थांबावं लागू शकतं. नवीन कंपनी आईवडिलांना कव्हर देते का, हे ऑफरच्या वेळीच विचारा. अनेक ठिकाणी त्याचा हप्ता कर्मचाऱ्याच्या पगारातून कापतात, म्हणजे वरच्या तक्त्यातून अजून एक वजाबाकी.

गृहकर्ज. मंजुरी प्रक्रियेत असेल तर वाटप होईपर्यंत शक्यतो थांबा. प्रोबेशनवरचा अर्जदार बँकांना नको असतो.

उत्तम_रांजणगाव
इंजिनिअर लोकांचं झालं. शॉपवरच्या ऑपरेटर पोरांसाठी काय? तिकडे हजार-दोन हजारासाठी कंपनी बदलतात.

पासबुकवाला
उत्तमदादा, बरं झालं विचारलंत. महिन्याचं वेतन २१,००० पर्यंत असेल तर ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागू आहे. कामगाराचे ०.७५ टक्के, मालकाचे ३.२५ टक्के. नवीन ठिकाणी जुनाच विमा क्रमांक द्यायचा, नवीन काढू द्यायचा नाही. आजारपणाचा भत्ता वेतनाच्या ७० टक्के, वर्षात ९१ दिवसांपर्यंत मिळतो, पण त्यासाठी सहा महिन्यांच्या अंशदान काळात (एप्रिल-सप्टेंबर, ऑक्टोबर-मार्च) ७८ दिवसांचं अंशदान लागतं. नंबर दोन झाले की दिवस विभागले जातात आणि दावा अडतो. एका अंशदान काळात तीन-चार महिने घरी बसलं तर ७८ चा आकडा चुकू शकतो.

पीएफचंही तेच, यूएएन एकच. ठेकेदार बदलला की नवीन यूएएन काढून देतात, जुना पैसा तिकडेच राहतो. नाव, जन्मतारीख आधारशी जुळवून घ्या. सोडल्याची तारीख कंपनीने टाकली नाही तर शेवटच्या अंशदानानंतर दोन महिन्यांनी पोर्टलवर स्वतः टाकता येते.

पैसे काढू नका, ट्रान्सफर करा. पाच वर्षं सलग सेवा व्हायच्या आत काढलेला पीएफ करपात्र होतो आणि ५०,००० च्या वर असेल तर टीडीएस कापतात. ट्रान्सफर केला तर आधीच्या कंपनीची वर्षं या पाचांत धरतात. पेन्शनसाठीही एकूण दहा वर्षं जोडली जातात. ग्रॅच्युइटीत मात्र दोन मालकांची वर्षं जोडत नाहीत, यात फार जणांची गल्लत होते.

घाटमाथ्यावर
वर्षाच्या मध्ये बदललं तर कराचं काय? नवीन एचआर म्हणतं, जुन्या पगाराशी आमचा संबंध नाही.

हिशेबनीस
संबंध तुम्हालाच जोडायचा असतो. आतापर्यंत १२बी नावाच्या फॉर्मवर जुन्या कंपनीचा पगार आणि कापलेला कर नवीन कंपनीला कळवत आले. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आहे, त्यामुळे फॉर्मचं नाव पेरोलला विचारून घ्या, काम तेच. कळवलं नाही तर दोन्ही कंपन्या ७५,००० ची वजावट आणि खालच्या टप्प्यांचा फायदा वेगवेगळा देतात. दोन्हीकडे कर कमी कापला जातो आणि विवरणपत्र भरताना एकदम व्याजासकट भरावा लागतो. नमुन्यातला माणूस दोन्ही मिळून १२ लाखांच्या आत आहे, त्याला धक्का बसणार नाही. पण जॉइनिंग बोनस, रजेचे पैसे, व्हेरिएबल एकाच वर्षात आले आणि १२ लाखांची रेषा ओलांडली तर बसेल. अशा वेळी बोनस एप्रिलनंतर द्या असं सांगता येतं.

मीनल_तळेगाव
शेवटचा प्रश्न. राजीनाम्यात काय लिहायचं? आणि शेवटच्या दिवशी काय काय घ्यायचं?

कलम_आणि_कागद
चार ओळी पुरे. "मी अमुक पदाचा राजीनामा देत आहे. नियुक्तिपत्रातील कलमानुसार नोटीस ६० दिवसांची असून माझा शेवटचा कामाचा दिवस अमुक तारीख राहील. हस्तांतराची यादी सोबत जोडली आहे. कृपया पोच द्यावी." कारण, तक्रार, नव्या कंपनीचं नाव काहीही नको. ईमेल साहेब आणि एचआर दोघांना पाठवा. पोर्टलवर टाकला असेल तरी ईमेल हवाच, कारण पोर्टलचं लॉगिन बंद होतं. पोच दोन दिवसांत आली नाही तर त्याच ईमेलला उत्तर देऊन पुन्हा मागा. नोटीसची तारीख पहिल्या ईमेलपासून मोजली जावी हे त्यात लिहा.

लॉगिन बंद व्हायच्या आत उतरवून घ्यायचं: सगळ्या पगार स्लिप, सगळ्या वर्षांचे फॉर्म १६, नियुक्तिपत्र, बढती आणि पगारवाढीची पत्रं, रजेची शिल्लक दाखवणारं पान, विम्याचं कार्ड आणि पॉलिसी क्रमांक. पीएफ आणि ईएसआयला कंपनीचा ईमेल किंवा कंपनीचं सिम जोडलेलं असेल तर ते आधी बदला, नाहीतर ओटीपी कंपनीतच राहतो.

वेतनाचा हिशेब राजीनाम्यानंतर दोन कामाच्या दिवसांत द्यावा असं वेतन संहितेत आहे. प्रत्यक्षात फुल अँड फायनलला ३० ते ४५ दिवस लावतात, तेव्हा ईमेलमध्ये कलम १७ चा उल्लेख करून मागणी नोंदवा. ग्रॅच्युइटी ३० दिवसांत, उशीर झाला तर व्याजासकट. नो-ड्यूजवर (देणं-घेणं संपल्याच्या कागदावर) सही करण्याआधी रजेचे दिवस आणि नोटीसची वसुली स्वतः मोजून बघा. आकडा पटत नसेल तर सहीखाली "रजेच्या हिशेबाला हरकत आहे" एवढं लिहून त्याचा फोटो काढून ठेवा.

मीनल_तळेगाव
सगळ्यांचे आभार. रजेच्या शिल्लकीचं पान आजच उतरवते. एक राहिलं, ऑफिसवाल्यांना रजा किती साठवता येते?

कायदेवाला_नाशिक
महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायदा २०१७ लागू असलेल्या ठिकाणी अर्जित रजा ४५ दिवसांपर्यंत साठते. खराडीच्या ऑफिसला तोच लागेल. नवीन कंपनीचं रजेचं धोरण यापेक्षा कमी असेल तर ऑफर स्वीकारण्याआधी विचारा, नंतर तो मुद्दा कोणी उघडत नाही.